केसपेपरवर सही नसलेली कामं

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. मधुमेह जुना. सहा दिवसांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं बंद झालं. सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात आहेत. नाकातून नळी, लघवीची नळी, डाव्या हाताला सलाईन. वॉर्डात ३६ खाटा आणि रात्री एकच सिस्टर, तरी त्या धावपळ करून सगळ्यांकडे बघत होत्या. आता सोमवारपासून परिचारिकांचा बेमुदत संप आहे. विद्यार्थिनी आणि दुसरीकडून आणलेला स्टाफ असेल, नातेवाइकांनी थांबावं, असं डॉक्टर म्हणाले. मी आणि माझा भाऊ आळीपाळीने थांबू, पण आम्हाला यातलं काहीच येत नाही. बाबांना घरी न्यावं का? आणि खरं सांगते, रागही येतो. आजारी माणसाला असं टाकून जाणं योग्य आहे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

रागाबद्दल शेवटी बोलू. आधी सोमवारची तयारी करू, कारण तुमच्या हातात अजून दोन दिवस आहेत आणि ते फार मोलाचे आहेत. आज-उद्यात वॉर्डातल्या त्याच सिस्टरना गाठा आणि वीस मिनिटं मागा. ड्युटी बदलताना किंवा औषधं वाटायच्या वेळी नको. दुपारची औषधं आटोपली की विचारा. ‘सोमवारपासून आम्हीच आहोत, बाबांना कुशीवर कसं वळवायचं आणि फीड कसं द्यायचं ते एकदा दाखवा,’ एवढंच म्हणा. (फीड म्हणजे नाकातल्या नळीतून द्यायचं पातळ अन्न.) बहुतेक सिस्टर नाही म्हणणार नाहीत. त्या करून दाखवतील तेव्हा नुसतं बघू नका, दुसऱ्या वेळी त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः करा. भावालाही हजर ठेवा.

घरी नेण्याची घाई नको. संपाच्या काळात रुग्णालयं वॉर्ड मोकळा करतात, स्थिर रुग्णांना लवकर डिस्चार्ज देतात. त्यात काही गैर नाही. पण बाबांचं नाव त्या यादीत आलं तर मान डोलवण्याआधी डॉक्टरांना विचारा : गिळण्याची तपासणी झाली का? शिरेतून जाणारं एखादं औषध अजून बाकी आहे का? इन्सुलिनची मात्रा ठरली का, आणि फीड कमी गेलं तर ती किती घ्यायची? नाकातली नळी निघाली तर रात्री कुठे यायचं? यातल्या एकाही प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं, तर बाबा अजून घरी जाण्याजोगे झालेले नाहीत. ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ या कागदावर तर सही करूच नका.

आता मुख्य गोष्ट. वॉर्डातली परिचारिकेची कामं दोन प्रकारची असतात. इंजेक्शन, सलाईन, गोळ्या, ड्रेसिंग ही कामं केली की चार्टवर वेळ पडते आणि सही होते. कूस बदलणं, तोंड स्वच्छ करणं, टाचा बघणं, उठवून बसवणं, दोन शब्द बोलणं यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी सहीचा रकानाच नसतो. माणसं कमी पडली की सर्वांत आधी ही बिनसहीची कामं सुटतात. कोणी कामचुकार असतं म्हणून नव्हे. बारा वाजताचं अँटिबायोटिक चुकलं तर जाब विचारला जातो, बारा वाजता कूस बदलली नाही तर विचारायला कोणी येत नाही. पण पक्षाघाताच्या रुग्णाला पाठीच्या जखमा, छातीतला जंतुसंसर्ग, आखडलेला खांदा हे सगळं याच सुटलेल्या कामांमधून होतं.

म्हणून तुमच्यासाठी नियम सोपा आहे. ज्या कामाखाली सही होते त्याला हात लावू नका, फक्त ते वेळेवर झालं का ते बघा. ज्याखाली सही होत नाही, ते काम तुमचं. नळीतून फीड देणं या दोन्हींच्या मध्ये येतं, त्याबद्दल पुढे.

कूस. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. आठ वाजता डावी, दहाला पाठ, बाराला उजवी, असा क्रम कागदावर लिहून खाटेला चिकटवा, म्हणजे तुम्ही गेल्यावर भावाला विचारावं लागणार नाही. बाबांच्या पाठीखाली, खांद्यापासून मांडीपर्यंत, एक दुहेरी घडी केलेली चादर कायम असू द्या. दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धरायच्या आणि माणूस उचलून सरकवायचा. ओढायचा नाही. ओढलं की कातडी गादीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, जखम आतून सुरू होते. पूर्ण कुशीवर उभं करू नका; पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवलं की माकडहाड आणि कमरेचं हाड दोन्हीवरचा भार सुटतो. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक उशी अशी, की टाचा हवेत राहतील.

उजवा हात धरून किंवा काखेत हात घालून कधीही उचलू नका. पक्षाघातात त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा जागचा सरकतो, आणि पुढे महिनोन्महिने व्यायामाच्या वेळी तोच खांदा दुखत राहतो. नवखा माणूस मदतीला आला तर तो हमखास इथेच चुकतो, म्हणून आधीच सांगा.

प्रत्येक वेळी वळवल्यावर माकडहाड, दोन्ही टाचा, घोटे, कमरेची हाडं आणि डोक्याची मागची बाजू बघा. लालसर डाग दिसला तर त्यावर बोट दाबून सोडा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग बदलला नाही तर बेडसोरची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गडद, गरम किंवा कडक लागतं का ते हाताने चाचपा. अशा जागेवर मालीश करू नका, मधे भोक असलेली गोल उशीही नको. दोन्हींनी तिथलं रक्त आणखी तुटतं. हवेची गादी मिळाली असली तरी कूस बदलावीच लागते.

तोंड. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही, चमचाभर पाणीसुद्धा नाही. भेटायला येणारे मायेने पाणी पाजतात आणि ते फुफ्फुसात जातं. खाटेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पण तोंडाने काही देत नाही म्हणून तोंड धुवायचं नाही, असं होता कामा नये. उलट बंद तोंडात जंतू जास्त वाढतात आणि लाळेबरोबर छातीत उतरतात. दिवसातून किमान दोनदा, जमलं तर चारदा, बाबांना कुशीवर घेऊन मऊ ब्रश किंचित ओला करून दात, हिरड्या आणि जीभ पुसून काढा. उजव्या गालाच्या आत बोटाला कापड गुंडाळून बघा, तिथे चिकटा साचतो आणि त्यांना तो जाणवत नाही.

फीड. सिस्टरनी दाखवलं असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तरच तुम्ही द्या. नळी नाकपुडीपाशी जिथे आहे तिथला आकडा वहीत लिहून ठेवा. दर फीडच्या आधी तो आकडा जुळला पाहिजे, नाकावरची पट्टी घट्ट हवी, आणि तोंड उघडून घशात नळीचं वेटोळं नाही ना ते बघायला हवं. यात शंका आली तर फीड थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. एक फीड उशिरा गेलं तर चालतं, फुफ्फुसात गेलेलं चालत नाही. कोणी नळीतून हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून ‘आवाज आला, बरोबर आहे’ म्हणालं तर तेवढ्यावर विसंबू नका. नळी चुकीच्या जागी असली तरी असा आवाज येऊ शकतो. पोटातून ओढलेल्या पाण्याची आम्लता तपासणं किंवा एक्स-रे, हे खरे पुरावे.

डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, नळीला दट्ट्याविना नुसती सिरिंज लावा आणि ती धरून ठेवा. फीड आपल्या भाराने उतरू द्या. दट्ट्याने ढकललेलं फीड उलटून येतं. आधी ३० मिली पाणी, मग ठरलेलं फीड, पुन्हा ३० मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. २०० मिली जायला १५-२० मिनिटं लागू द्या. खोकला आला, श्वास लागला, ओठ काळेनिळे पडले, तर नळी चिमटून लगेच थांबवा आणि हाक मारा. झाल्यावर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, डोकं वरच ठेवा; कूस बदलायची वेळ त्या हिशेबाने ठरवा. नळी निघाली तर पुन्हा आत सरकवण्याचा प्रयत्न मुळीच नको.

इन्सुलिन आणि फीडची चुकामूक. बाबांच्या बाबतीत आम्हाला सर्वांत जास्त काळजी याची आहे. रोजच्या सिस्टरना माहीत असतं की इन्सुलिन दिलं की अर्ध्या तासात फीड गेलंच पाहिजे. संपात इन्सुलिन टोचणारी व्यक्ती वेगळी, फीड देणारे तुम्ही, आणि मधेच बाबांना स्कॅनला न्यायला कोणीतरी येतं. इन्सुलिन गेलं, फीड राहिलं. साखर उतरते, आणि बाबांना बोलून सांगता येत नाही. कपाळाला गार घाम, थरथर, अस्वस्थपणा किंवा अचानक गुंगी, एवढंच दिसतं. उजवी बाजू आणखी लुळी वाटू शकते, मग घरच्यांना काय आणि नवख्या स्टाफला काय, दुसरा झटका आला असं वाटतं. त्यामुळे असं काही दिसलं की पहिलं वाक्य हेच : ‘आधी साखर तपासा.’ ७० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी तिथल्या तिथे बघितलं पाहिजे. तोंडात साखर घालू नका. आणि इन्सुलिन द्यायला कोणी आलं की हात धरून विचारा, ‘फीड तयार आहे, आता देऊ ना?’ फीड तयार नसेल किंवा बाबांना कुठे न्यायचं असेल तर टोचण्याआधीच ते सांगा.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकती हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. वळवताना ती पोटावर ठेवायची सवय असते. लघवी उलटी जाते, ते टाळा. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा आणि किती मिली ते लिहा. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली तरी व्हायला हवी. चार तासांत १०० मिलीसुद्धा नसेल तर आधी नळी मांडीखाली दुमडली आहे का बघा, नसेल तर सांगा. नळीचा जोड उघडू नका, ओढू तर नकाच. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो.

सलाईनचा वेग वाढवू नका, कितीही वेळ लागत असला तरी. बाटली संपत आली आणि कोणी आलं नाही, तर चाकाचा क्लॅम्प बंद करा, एवढं एकच काम तुमचं. सुईच्या जागी सूज, लाली, किंवा हात गार आणि ताणलेला वाटला तरीही क्लॅम्प बंद करा आणि सांगा. बाबांना दुखतंय हे सांगता येत नाही, म्हणून चिकटपट्टीची जागा दर दोन तासांनी डोळ्यांनी बघा. हात धुण्याचं सांगायलाच नको, पण शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना मदत करून आलात तर मध्ये धुवा. साबणाने ४० सेकंद ते एक मिनिट.

श्वास मोजणं. हे काम अगदी साधं आहे आणि सर्वाधिक वेळा टाळलं जाणारंही हेच आहे. तब्येत बिघडायला लागली की रक्तदाब ढासळण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट छाती वर-खाली होते ते मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. १२ ते २० ठीक. २५ किंवा जास्त, किंवा ८ पर्यंत खाली आला, तर लगेच बोलवा. त्याचबरोबर हाक मारून बघा : डोळे उघडतात का, डाव्या हाताने तुमचा हात दाबतात का. ‘हो’साठी एकदा, ‘नाही’साठी दोनदा दाबायचं, असं ठरवून घ्या. काल दाबत होते आणि आज दाबत नाहीत, हे कुठल्याही मशीनच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

सगळं एका वहीत. वेळ, कूस, फीड किती, लघवी किती, श्वास, साखर, इन्सुलिन कोणी आणि कधी दिलं. नवीन ड्युटी आली की वही घेऊन उभ्या राहा. त्यांना बाबा माहीत नाहीत. कोणतंही औषध देण्याआधी मनगटावरचा पट्टा आणि नाव जुळवायला सांगा, आणि आधीच्या ड्युटीत दिलेलं पुन्हा दिलं जात नाही ना ते वहीतून दाखवा. संपात डोस चुकतात तसे दुबार पण होतात.

बोलवायचं कसं, हेही महत्त्वाचं. ‘डॉक्टर, बाबांना कसंतरी होतंय’ म्हणालात तर डॉक्टर ‘येतो’ म्हणतील, कारण त्या मिनिटाला सहा जणांना कसंतरी होत असतं. असं म्हणा : ‘खाट १४, पक्षाघात, सातवा दिवस, मधुमेह. तासापूर्वी श्वास १८ होता, आता २८ आहे. दीड तासापूर्वी फीड दिलं. आत्ता येऊन बघा.’

आता राग. तो साहजिक आहे आणि भीतीही निराधार नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या १९८४ ते २००४ या काळातल्या परिचारिकांच्या संपांचा अभ्यास झाला आहे. संपाच्या काळात दाखल झालेल्या रुग्णांमध्ये रुग्णालयातले मृत्यू सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. बदली माणसं आणलेल्या रुग्णालयांतही चित्र सुधारलं नव्हतं. हे आम्ही लपवणार नाही.

पण त्याच शेजारी दुसरा आकडा ठेवा. २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, एका परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत गेला तशी ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत गेली. हे संपाचे दिवस नव्हते, रोजचे होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने जुलै २०१६ पासून ठरावीक सरकारी वॉर्डांसाठी कायद्याने प्रमाण बांधून दिलं : दिवसा सरासरी चार रुग्णांमागे एक परिचारिका, रात्री सातांमागे एक. तुमच्या वॉर्डात रात्री ३६ मागे एक होत्या. म्हणजे त्या मोजपट्टीने पाच जणींचं काम एकटी करत होती, आणि तुम्ही म्हणता तसं, धावपळ करून. जागा भरल्या जात नाहीत, उरलेल्यांना जादा ड्युट्या पडतात, त्या आजारी पडतात किंवा नोकरी सोडतात, आणि आणखी जागा रिकाम्या होतात. हे चक्र संपाने सुरू होत नाही.

संप आणि टाकून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी नोटीस दिली का, अतिदक्षता विभाग, अपघात विभाग, प्रसूती आणि डायलिसिससाठी माणसं ठेवली का, जाण्याआधी रुग्णांचा नीट हँडओव्हर दिला का, हे बघा. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या १०६ वर्षांच्या इतिहासातला सर्वांत मोठा संप केला, तेव्हाही केमोथेरपी, डायलिसिस आणि अतिदक्षता संपाबाहेर ठेवली होती. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदही संपाचा हक्क मानते, पण शेवटचा उपाय म्हणून आणि अत्यावश्यक सेवा राखून. तुमच्या रुग्णालयात हे पाळलं जात असेल, तर आमच्या मते हा संप योग्य आहे, आणि तुमच्या रागाचा पत्ता वॉर्डातली सिस्टर नव्हे, तर जागा रिकाम्या ठेवणारी कचेरी आहे. पाळलं जात नसेल, तर संघटनेला ते स्पष्ट विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

राग कामी लावायचा असेल तर अधीक्षकांना अर्ज द्या, पण ‘दुर्लक्ष होत आहे’ एवढंच लिहू नका. त्याला ‘दखल घेतली आहे’ असं उत्तर मिळतं. विचारा : आज रात्री या वॉर्डात किती रुग्ण आणि किती परिचारिका आहेत? नोंदणीकृत किती, विद्यार्थिनी किती, आणि विद्यार्थिनींवर देखरेख कोणाची? रात्री इन्सुलिन आणि अँटिबायोटिक देण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे? मंजूर पदं किती आणि भरलेली किती? शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांच्या सह्या घ्या, पोच घ्या, तारखेसह प्रत ठेवा. संप मिटल्यावर शेवटचा प्रश्न पुन्हा विचारा, कारण तेव्हा तो विचारणारं कोणी उरत नाही.

सिस्टर कामावर परततील त्या दिवशी वही त्यांच्या हातात द्या आणि चादर बाजूला करून बाबांची पाठ आणि टाचा त्यांच्यासमोर उघड्या करून दाखवा. नाकातली नळी, लघवीची नळी आणि सुई प्रत्येकी कोणत्या तारखेला घातली ते त्यांच्याकडून तपासून घ्या. संपात या तारखा हमखास मागे पडतात. लघवीची नळी आता काढता येईल का, हेही त्याच वेळी विचारा.